वनस्पतींत घडविलेली प्रतिपिंडे आणि त्यांच्यावरील शर्करेची पारख



साखर कारखान्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, असा मनुष्य साखरेवर बोलणार, हे फलकावर वाचून काही मंडळी वेतनकराराची हकीकत ऐकावयास आली असतील. त्यांची प्रथमच क्षमा मागतो. आज ज्या साखरेविषयी मी बोलणार आहे ती पोत्यात भरता येत नाही. औषधाच्या एकेका रेणूवर ती कारखान्याच्या शिक्क्यासारखी बसलेली असते, आणि तो रेणू कोठे तयार झाला हे तिच्यावरून ओळखता येते.

मी शास्त्रज्ञ नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीच्या केमिस्टशेजारी स्टुलावर बसून झाले, आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा माझ्या बोलण्यात कारखाना वारंवार डोकावेल, तो आपण चालवून घ्यावा. या विषयात मी शिरलो तोही हौसेने शिरलो नाही. आमच्या संघटनेतील, बॉयलरवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ट्रॅस्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन लिहून दिले. मूळ कंपनीच्या औषधाची किंमत ऐकून तो खालीच बसला. त्याच नावाचे, दुसऱ्या कंपनीने काढलेले, पुष्कळ स्वस्त औषधही दुकानात होते. दोन्हींचे भाव एका कागदावर लिहून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, दोन्ही एकच का? की गरिबाच्या वाट्याला दुय्यम माल?"

कराराचे एखादे कलम त्याने विचारले असते तर मी तोंडपाठ सांगितले असते. या प्रश्नावर मात्र गप्प बसलो. मग ओळखीच्या एका डॉक्टरांना गाठले. ते सहज बोलून गेले, "औषध तेच आहे, कारखाना निराळा आहे. त्यामुळे त्यावरच्या साखरेत थोडाफार फरक पडू शकतो, आणि तो तपासलेला असतो." साखर हा शब्द ऐकताच माझे कान उभे राहिले. तेथून जे वाचन सुरू झाले ते मला तंबाखूच्या रोपापर्यंत घेऊन गेले. ही असली औषधे आता वनस्पतींच्या पानांतही तयार करता येतात, आणि साखरेचा हा प्रश्न वनस्पतींच्या बाबतीत सर्वांत उघडा पडतो. म्हणून आज बोलावयाचे ते वनस्पतींविषयी. सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे शेवटी परत येऊच.

प्रथम प्रतिपिंड म्हणजे काय ते पाहू. यालाच अँटिबॉडी म्हणतात. रोगजंतू शरीरात शिरले की त्यांना धरून ठेवण्यासाठी रक्तात जी प्रथिने तयार होतात ती ही. आकार गलोलीच्या बेचक्यासारखा. दोन बाहू आणि एक देठ. बाहूंचे काम शत्रूला पकडणे, आणि देठाचे काम रक्तातील लढाऊ पेशींना 'इकडे या' अशी हाक देणे. हायड्रोजनच्या एका अणूचे वजन एक मानले तर या रेणूचे वजन दीड लाखाच्या आसपास भरते. तो दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचा असतो. प्रत्येक जड साखळीवर, देठाच्या भागात, २९७ क्रमांकाच्या जागी ॲस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल असते, आणि त्याला शर्करेची एक फांदी लागलेली असते. दोन साखळ्यांच्या दोन फांद्या देठाच्या पोकळीत समोरासमोर येतात. साऱ्या रेणूच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा दोन-तीन.

एवढ्याशा वस्तूची मातब्बरी ती काय, असे वाटेल. पण ती फांदी काढून टाकली तर बाहू शत्रूला पकडतात आणि देठाची हाक जवळजवळ बंद पडते. फांदीच्या टोकाची एखादी शर्करा कमीजास्त झाली तरी फरक दिसतो. १९८५ साली ऑक्सफर्डचे रेमंड ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांवर गॅलॅक्टोज ही शर्करा निरोगी माणसांपेक्षा कमी असते. म्हणजे आपल्या स्वतःच्या शरीरातसुद्धा ही साखर सर्वकाळ एकसारखी नसते. एकाच माणसाच्या रक्तात ती कितीतरी प्रकारांची सापडते.

याचे कारण पेशी नावाच्या कारखान्याच्या रचनेत आहे, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोरंजक वाटलेली गोष्ट हीच. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात अक्षरशः लिहिलेला असतो. ते जनुक मनुष्याच्या पेशीत घाला, उंदराच्या घाला किंवा तंबाखूच्या घाला, प्रथिन तेच निघते. शर्करेचा असा कोठे आराखडा नसतो. ती बसविण्याचे काम पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइमे, करतात, आणि ज्या पेशीत जी विकरे कामावर हजर असतील त्यांच्या हाताचे वळण मालावर उमटते. नकाशा एकच, पण कारागीर निराळे.

पहिल्या खात्यात सर्वांचे काम सारखे चालते. तेथे प्रथिनाच्या साखळीवर चौदा शर्करांची एक तयार फांदी एकदम बसविली जाते. तीत तीन ग्लुकोज, नऊ मॅनोज आणि दोन ॲसिटिल-ग्लुकोसामीन. मग तिची छाटणी सुरू होते. यीस्ट, तंबाखू आणि मनुष्य या तिघांचा हा वारसा सामाईक आहे. माल पुढे गॉल्जी नावाच्या खात्यात गेला की वाटा फुटतात. इटलीच्या कॅमिलो गॉल्जीने १८९८ साली ज्याचे वर्णन केले तो हा भाग. येथे मनुष्याची पेशी फांदीच्या बुंध्याशी फ्यूकोज नावाची शर्करा सहाव्या जागी जोडते, टोकांना गॅलॅक्टोज लावते, आणि कधी त्यावर सायलिक आम्लाचा कळस चढविते. वनस्पतीची पेशी फ्यूकोज जोडते ते तिसऱ्या जागी. शिवाय मधल्या मॅनोजला झायलोज नावाची शर्करा चिकटविते, जी मनुष्य आपल्या प्रतिपिंडांवर कधीच लावीत नाही. सायलिक आम्ल तर तिच्या कोठारातच नाही.

वनस्पतीत प्रतिपिंड तयार होते हे प्रथम १९८९ साली जगापुढे आले. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू हायट, रॉबर्ट कॅफर्की आणि कॅथरीन बॉडिश यांनी एका तंबाखूच्या रोपात जड साखळीचे जनुक घातले, दुसऱ्यात हलक्या साखळीचे, आणि दोघांचा संकर केला. संकरातून आलेल्या रोपाच्या पानांत दोन्ही साखळ्या आपसूक जुळून पुरे प्रतिपिंड तयार झाले. त्यानंतर लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ज्यूलियन मा यांनी दात किडविणाऱ्या जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड तंबाखूत घडविले. १९९९ साली फ्रान्समधील रूआँच्या संशोधकांनी या प्रतिपिंडावरील शर्करा तपासली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. काही फांद्या नुसत्या मॅनोजने भरलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक फांद्यांवर झायलोज व तिसऱ्या जागचे फ्यूकोज बसलेले होते. माल अस्सल, पण शिक्का तंबाखूचा.

आता या शिक्क्याची भीती का वाटावी? ज्यांना परागकणांचे वावडे असते अशा पुष्कळ लोकांच्या रक्तात नेमक्या याच दोन शर्करांविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे सापडतात. ॲलर्जीच्या चाचण्या करणाऱ्यांना ही त्यांची जुनी डोकेदुखी आहे, कारण त्यामुळे चाचणी 'वावडे आहे' म्हणते आणि माणूस तीच वस्तू खुशाल खात असतो. आपण रोज भाजीपाल्याबरोबर या शर्करा पोटात घालतोच. पण पोटात जाणे निराळे आणि शिरेतून रक्तात जाणे निराळे. तेव्हा भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

येथे मला एक हकीकत जरा सविस्तर सांगावयाची आहे. ती वनस्पतीची नाही, आणि म्हणूनच सांगतो. सेटुक्सिमॅब नावाचे कर्करोगावरील एक प्रतिपिंड अमेरिकेत वापरात आले. ते उंदराच्या पेशींत तयार होते. देशात बहुतेक ठिकाणी रुग्णांना ते सोसले, पण टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या आग्नेयेकडील राज्यांत निराळेच घडू लागले. पहिलेच इंजेक्शन घेताना रुग्णांचा रक्तदाब कोसळे, घसा आवळला जाई. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या भागातील शेकडा बावीस रुग्णांना असा तीव्र त्रास झाल्याचे आढळले. औषध तेच, कंपनी तीच, मग प्रदेशाप्रमाणे फरक कसा?

उत्तर २००८ साली मिळाले. हे औषध घेतलेल्या ७६ रुग्णांपैकी २५ जणांना त्रास झाला होता. त्यांचे औषध घेण्यापूर्वीचे रक्त जपून ठेवलेले होते. ते तपासले तेव्हा २५ पैकी १७ जणांच्या रक्तात या औषधाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे आधीपासूनच हजर होती. ज्याने औषध कधी पाहिले नाही त्याच्या रक्तात त्याचा वैरी तयार कसा? तर ती प्रतिपिंडे औषधाच्या प्रथिनाविरुद्ध नव्हतीच, त्यावरील शर्करेविरुद्ध होती. सेटुक्सिमॅबच्या बाहूवर शर्करेची आणखी एक फांदी असते, आणि उंदराची पेशी तिच्या टोकाला गॅलॅक्टोजवर गॅलॅक्टोज अशी एक जोडी लावते. गाई, डुकरे, मेंढ्या साऱ्यांत ही जोडी असते, मनुष्यात नसते. तेच प्रतिपिंड हॅम्स्टरच्या, म्हणजे एका जातीच्या उंदरासारख्या प्राण्याच्या, पेशींत घडविले तेव्हा रुग्णांच्या रक्तातील आयजीई त्याला चिकटले नाही.

आणि त्या प्रदेशातल्याच लोकांत हे वैर का? पुढील दोन-तीन वर्षांत धागा सापडला तो गोचिडापर्यंत. आग्नेय अमेरिकेत एका जातीचे गोचीड माणसांना चावते, आणि त्या चाव्यातून शरीर या शर्कराजोडीविरुद्ध तयार होते. असे लोक रात्री गोमांस किंवा डुकराचे मांस खाऊन निजतात आणि तीन ते सहा तासांनी अंगभर गांधी उठून जागे होतात. गोठ्यात वाढलेल्या माणसाला गोचीड नवे नाही. पण ते चावल्यामुळे कर्करोगाचे औषध जिवावर बेतावे हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो.

ही गोष्ट सांगण्याचा हेतू हा की वनस्पतीचा माल परका म्हणून धोक्याचा आणि प्राण्याचा माल जवळचा म्हणून सुरक्षित, असा हिशेब चालत नाही. उलट बाजूचाही दाखला आहे. गोशे नावाच्या दुर्मिळ आजारावरील एक विकर गाजराच्या पेशींत तयार करतात. त्याला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. ते प्रतिपिंड नव्हे, पण त्यावर झायलोज आणि तिसऱ्या जागचे फ्यूकोज दोन्ही असतात, आणि रुग्ण ते नेमाने शिरेतून घेतात. इतकेच नव्हे, गाजराच्या पेशीने उघडी ठेवलेली मॅनोजची टोके हीच तेथे कामाची, कारण ज्या पेशींत औषध पोहोचावयाचे त्या मॅनोज पाहूनच ते आत घेतात. म्हणजे कोणती साखर, कोणत्या रेणूवर, कोणत्या कामासाठी, हे पाहूनच बोलले पाहिजे. आणि पाहावयाचे म्हणजे मोजावयाचे.

मोजणी कशी होते? साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला काटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उसाच्या गाडीचे वजन खरे की खोटे यावरून आमच्याकडे किती भांडणे झाली, किती आंदोलने झाली, याचा हिशेब नाही. रेणूंचाही एक काटा असतो. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. रेणूला विजेचा भार देऊन निर्वात नळीतून पळवावयाचे. हलका आधी पोहोचतो, जड मागून येतो, आणि पोहोचण्याच्या वेळेवरून वजन निघते. या यंत्राचे इतरही प्रकार आहेत, पण समजावयास हा सोपा.

सबंध प्रतिपिंड काट्यावर घातले तर दीड लाखांत शेदीडशेचा फरक नीट वाचणे अवघड. म्हणून आधी त्याचे तुकडे करतात. आपल्या आतड्यात अन्न पचविणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाला ठरावीक जागीच कापते. मनुष्याच्या सर्वांत सामान्य जातीच्या प्रतिपिंडाला त्याने कापले की नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, आणि शर्करेची फांदी नेमकी त्यावर असते. त्या तुकड्याचे स्वतःचे वजन ११८८. हे वजन वजा केले की उरते ते साखरेचे. गाडीच्या वजनातून मोकळ्या गाडीचे वजन वजा करावे तसेच.

आता हिशेब करू. सुट्या ग्लुकोजचे वजन १८०. दोन शर्करा जोडल्या जाताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, गळून जातो. म्हणून आपली पोत्यातली साखर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून, ३६० भरत नाही, ३४२ भरते. त्याच न्यायाने फांदीत बसलेले मॅनोज किंवा गॅलॅक्टोज १६२ चे, ॲसिटिल-ग्लुकोसामीन २०३ चे, फ्यूकोज १४६ चे, झायलोज १३२ चे आणि सायलिक आम्ल २९१ चे. समजा काट्याने साखरेचे वजन १२९८ दाखविले. चार ॲसिटिल-ग्लुकोसामीनचे ८१२ आणि तीन मॅनोजचे ४८६, बेरीज १२९८. म्हणजे फांदी साधी, तिच्यावर वनस्पतीचा शिक्का नाही. १४३० दाखविले तर १३२ वाढले, झायलोज आले. १५७६ दाखविले तर झायलोज आणि फ्यूकोज दोन्ही. १२१६ आले तर दोन ॲसिटिल-ग्लुकोसामीन आणि पाच मॅनोज. हा माल गॉल्जीतून पुरता पार न होताच बाहेर पडला. शाळेतील बेरीज-वजाबाकी ज्याला येते त्याला हा ताळेबंद वाचता येतो, हे समजले त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवीत नाही. कागदावर जी उंच-सखल टोके उमटतात त्यांच्या उंचीवरून कोणत्या प्रकारच्या फांद्या शेकडा किती, हेही ठरविता येते. ते प्रमाण एकाच पद्धतीवर भिस्त ठेवून सांगू नये, दुसऱ्या रीतीने पडताळून घ्यावे, असा जाणत्यांचा दंडक आहे.

कारण काटा फसतो. तो खोटे बोलत नाही. त्याला ठाऊक असते तेवढेच सांगतो. १४४४ वजन आले, म्हणजे एक फ्यूकोज आहे. पण ते मनुष्याच्या रीतीने सहाव्या जागी आहे की वनस्पतीच्या रीतीने तिसऱ्या जागी? वजन दोहोंचे १४६ च. आमच्या प्रयोगशाळेत हा धडा मला फार पूर्वी मिळाला होता. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघेही १८० चे, वजनावरून ओळखू येत नाहीत. पण पोलॅरिमीटरच्या नळीतून पाहिले की एक प्रकाशाला उजवीकडे वळवितो, दुसरा डावीकडे. वजन जेथे थांबते तेथे दुसरी खूण शोधावी लागते.

येथे ती खूण एका कात्रीने मिळते. पीएनजीएज एफ नावाचे, जिवाणूपासून मिळणारे एक विकर शर्करेची सबंध फांदी प्रथिनापासून सोडविते. प्राण्यांच्या प्रतिपिंडांवर प्रयोगशाळांतून हीच कात्री चालते. पण फ्यूकोज तिसऱ्या जागी असले की ते कात्रीच्या पात्याआड येते आणि फांदी सुटत नाही. जो कोणी प्राण्यांवरची सवय घेऊन वनस्पतीच्या मालाकडे वळेल त्याच्या हाती फक्त शिक्का नसलेल्या फांद्या लागतील, आणि तो प्रामाणिकपणे लिहील की वनस्पतीची शर्करा आढळली नाही! जी वस्तू पकडावयाची तीच जाळ्यातून निसटावी, असा हा प्रकार आहे. म्हणून तेथे दुसरी कात्री घ्यावी लागते, पीएनजीएज ए. ती मिळते बदामातून. फ्यूकोज तिसऱ्या जागी असो की सहाव्या, ती फांदी सोडविते. मात्र सबंध प्रथिनावर ती नीट चालत नाही, म्हणून आधी तुकडे करून द्यावे लागतात. एका कात्रीने सुटली नाही आणि दुसरीने सुटली, तर फ्यूकोज तिसऱ्या जागचे. खारकेबरोबर आपण चघळतो त्या बदामात ही कात्री असेल, असे कोणाच्या मनात आले असते?

अशी पारख हाती आल्यावर सुधारणेला दिशा मिळाली. कोणी मालाला गॉल्जीत जाऊच दिले नाही. प्रथिनाच्या शेपटीला चार अमिनो आम्लांची एक चिठ्ठी जोडली की पेशी त्याला पहिल्याच खात्यात रोखून धरते. त्याने वनस्पतीचा शिक्का टळतो, पण फांदीवर मॅनोजची गर्दी राहते, आणि असे प्रतिपिंड रक्तातून लवकर निघून जाते. निराळा मार्ग व्हिएन्नाच्या कृषी विद्यापीठातील हर्टा स्टाइनकेलनर, रिचर्ड स्ट्रासर आणि मंडळींनी काढला. निकोशियाना बेन्थामियाना ही तंबाखूची ऑस्ट्रेलियातील एक रानटी बहीण. तिच्यातील झायलोज आणि तिसऱ्या जागचे फ्यूकोज बसविणाऱ्या विकरांची जनुके त्यांनी दाबून टाकली. २००८ साली त्यांनी या रोपात घडविलेले प्रतिपिंड काट्यावर घातले. झायलोज नाही, फ्यूकोज नाही, आणि जवळजवळ सारा माल एकाच साच्याचा, तो १२९८ चा. मनुष्याच्या पेशींतूनही इतका एकजिनसी माल निघत नाही. पुढे या रोपात मनुष्याचे गॅलॅक्टोज बसविणारे विकरही आणले गेले, आणि २०१० साली सहा जनुके घालून सायलिक आम्लसुद्धा.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. बुंध्याशी फ्यूकोज मुळीच नसले की देठाची हाक अधिक जोराने ऐकू जाते, हे २००२ साली कळले होते. लढाऊ पेशींवरील एका विशिष्ट ग्राहकाशी अशा प्रतिपिंडाची पकड पन्नासपटीपर्यंत वाढते. शिक्का पुसावयास गेले आणि धार वाढली.

या रोपांकडून काम कसे घेतात तेही पाहण्यासारखे आहे. जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूंच्या पाण्यात रोपे कुंडीसकट उलटी बुडवितात आणि वरून हवा ओढून घेतात. पानांतील हवा निघून जाते. मग हवा परत सोडली की जिवाणूंचे पाणी पानात भिनते. साधारण आठवड्याने पाने तोडून चरकात चिरडावयाची, रस गाळावयाचा, चोथा टाकावयाचा, आणि रसातून प्रतिपिंड वेचून घ्यावयाचे. गव्हाणीपासून पॅनपर्यंतचा आमचा सारा प्रवास तेथे छोट्या प्रमाणात दिसतो. हंगाम मात्र बारमाही.

अमेरिकेतील केंटकी राज्यात ओवेन्सबरो येथे अशा पद्धतीने झीमॅप हे औषध तयार होई. इबोलाच्या विषाणूविरुद्धची तीन प्रतिपिंडे, शिक्का पुसलेल्या रोपांत घडविलेली. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत साथ उसळली तेव्हा लायबेरियात सेवा करताना आजारी पडलेले केंट ब्रँटली आणि नॅन्सी राइटबोल या दोन अमेरिकनांना ते देण्यात आले, आणि दोघेही वाचले. माकडांवरील प्रयोगात, लागण झाल्यावर पाच दिवसांपर्यंत उशीर होऊनही, अठराच्या अठरा वाचली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये औषधाचा साठा संपला. ज्या हजारो आफ्रिकनांना रोग झाला त्यांना ते मिळाले नाही, हे वेगळे सांगावयास नको. जाता जाता एवढे नमूद करतो की हा कारखाना त्याच वर्षीच्या जानेवारीत रेनॉल्ड्स या सिगारेटच्या कंपनीने विकत घेतलेला होता. निपाणीकडील विडी कामगार बायांच्या छातीत जिची धूळ बसली त्या तंबाखूचीच ही भावकी. तिच्यातून औषध निघावे आणि तेही सिगारेटवाल्याच्या मालकीचे असावे, यावर काय बोलावे ते मला सुचलेले नाही.

पुढची हकीकत लपविणे योग्य नाही. साथ ओसरत असताना झालेल्या चाचणीत झीमॅप घेतलेल्या ३६ जणांपैकी ८ दगावले, न घेतलेल्या ३५ पैकी १३. फरक आशादायक, पण संख्या थोडी, म्हणून निर्णय झाला नाही. नंतर काँगोत २०१८-१९ मध्ये मोठी चाचणी झाली. तीत झीमॅप घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले, आणि प्राण्यांच्या पेशींत घडविलेल्या दुसऱ्या दोन प्रतिपिंड-औषधांवर सुमारे एक तृतीयांश. झीमॅप मागे पडले. साखर निर्दोष असली म्हणजे औषध श्रेष्ठ ठरते असे नाही. बाहूंनी शत्रूला कोठे आणि किती घट्ट पकडले, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

आता माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न. त्याच्यासमोर मी जमविलेले कागद घेऊन बसलो. त्याला सांगितले की आपल्या देशात अशा समान जैविक औषधांसाठी २०१२ साली नियमावली झाली, २०१६ साली ती सुधारली, आणि मूळ औषधाशी शर्करेची तुलना करून दाखविणे तीत आवश्यक धरलेले आहे. दुसरीही एक गोष्ट सांगितली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत मूळ कंपनीच्याच ट्रॅस्टुझुमॅबच्या काही बॅचमध्ये फ्यूकोज नसलेल्या फांद्यांचे प्रमाण घसरलेले आणि देठाची हाक मंद झालेली आढळली. तपासणारे प्रतिस्पर्धी कंपनीचे होते, हेही सांगितले. पण मोजमाप मोजमाप आहे. महाग म्हणून कायम एकसारखे, असे नाही. स्वस्त म्हणून दुय्यम, असेही नाही. डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्याने स्वस्त औषध घेतले. उपचार पुरे झाले, आणि त्याची पत्नी आज आपल्या घरी आहे. एका माणसाच्या उदाहरणाने शास्त्रात काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो.

सारे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे काट्यावर घातलेले आहे."

"घातलेले आहे," मी म्हणालो.

"मग पावती?"

उसाची गाडी काट्यावरून उतरली की गाडीवानाच्या हातात पावती पडते. तेवढ्यासाठी आमच्या तालुक्यात लोकांनी दिवसेंदिवस गाड्या उभ्या ठेवल्या आहेत. या औषधाची पावती नियामकाच्या फायलीत असते, रुग्णाच्या हातात ती येत नाही, हे मला त्याला सांगावे लागले. त्याने भावांचा तो कागद घडी करून खिशात घातला आणि पाळीवर गेला.